बदामची दश्शी

आखाजीला आमच्या अमळनेरात
पोलीसही पाहून न पाहिल्यासारखं करत.
वर्षभर जो पत्ता खेळतो तो वाया गेलेला,
आणि या तीन दिवसांत जो खेळत नाही
त्याची तब्येत विचारायची.

बोरीच्या पुलापासून जिनिंगच्या फाटकापर्यंत
जिथे सावली तिथे घोंगडी,
अंदर-बाहर, नोटांवर दगड.
सोड्याच्या दुकानात तर उभं राहायला जागा नाही.
आमच्या ओट्यावर मात्र मेंढीकोट,
पणाला फार तर एक डांगर,
तेही घागरीवर ठेवून उरलेलं.

दादा आणि लोटन टेलर भिडू.
समोर हिलालकाका आणि केवळ फुई.
फुई नंदुरबारहून यायची
ती झोक्यासाठी, असं सासरी सांगून.
झोक्यावर मी तिला एकदाही पाहिलं नाही.
पदर खोचून ती पानं पिसायची,
कोरं कापड टर्रकन फाडल्यासारखा आवाज.

त्या वर्षी चारही मेंढ्या तिच्याकडे गेल्या.
कोट बसला, आणि दादा नको ते बोलले :
"लोटन, तू कापडच काप.
हुकूम तुना बापले बी कापता उना नही."
लोटनकाका हसले.
चप्पल शोधायला त्यांना फार वेळ लागला.

संध्याकाळी मोजली तर पानं एक्कावन्न.

हिलालकाकांच्या लेकीच्या लग्नपत्रिकेतून
दादांनी ब्लेडनं एक पान कापलं.
जिनिंगच्या खातेवहीची लाल शाई,
दहा बदाम.
सातव्याला पिंपळपानासारखी शेंडी आली.
पाठीवर राहून गेलं
'आमचे येथे श्रीकृपेक'.

म्हणजे मेंढी कोणाच्या हातात आहे
ते सगळ्यांना दिसायचं.
आणि कोणीही पाहायचं नाही, असं
न ठरवता ठरलं.
चौथ्या जागेवर मी, अकरा वर्षांची.
"बठ," दादा म्हणाले, "आन् आपलाच हात देखजो."
बाकी सगळे नियम नंतर शिकले.

शाळेचे गणवेश लोटनकाकाच शिवायचे.
दादांचे सदरेही.
माप द्यायला जुना सदरा जायचा, शिलाई घेऊन मी,
उरलेली चिल्लर ते माझ्या मुठीत मोजून द्यायचे.
रस्ता बारा पावलांचा.
अठरा आखाज्या गेल्या.

दादांची पहिली घागर भरली
त्या दुपारी ते ओट्यावर आले.
हातात मापाची वही, फुगलेली, दोऱ्यानं बांधलेली.
दादांचं पान उघडलं :
छाती अडतीस, खोडून सदतीस, खोडून पस्तीस.
त्यात ती.
"मी लई गयथू," म्हणाले.
"खेय बंद पडी, आसं वाटनं व्हतं."

आम्ही ती गड्डीत ठेवून पाहिली.
बाकीची पानं चहा सांडल्यासारखी पिवळी,
कोपरे गेलेले, राजाच्या मिशा पुसलेल्या.
आणि ही लालभडक, करकरीत.
खरी होती. तीच खोटी दिसत होती.

फुईनं ती उचलली,
वहीत, पस्तीस लिहिलं होतं तिथे, परत ठेवली.
"हाई तुनी. आमनी आमनाजोडे शे."
मग पदर खोचला. आता पानं पिसताना
तिची बोटं मध्येच थांबतात.

लोटनकाका दादांच्या जागी बसले, माझ्या समोर.
वाटणी झाली.
'आमचे येथे श्रीकृपेक' त्यांच्या हातात गेलं.
हिलालकाका रस्त्याकडे बघायला लागले,
फुई आपल्या पानांकडे,
मीही.

बराच वेळ कोणी काही टाकेना.
ते त्या सातव्या बदामावरून
अंगठा फिरवत होते,
शिवण तपासावी तसा.

"काका," मी म्हटलं, मान वर न करता,
"उतारी तुमची आहे."